स्कार्फच्या आतला रंग

छावणीच्या बसथांब्यावर ती रोज दिसते. उन्हापासून वाचायला आम्हा सगळ्या बायकांसारखीच तीही डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळते. त्या अवतारात सख्खी आईसुद्धा ओळखणार नाही. पण मी ओळखते, कारण पाणी प्यायला ती स्कार्फ खाली करते आणि आत कधी डाळिंबी, कधी जांभळी, तर एकदा चक्क नारिंगी लिपस्टिक असते. पाणी पिऊन झालं की छोट्या आरशात ओठ तपासते आणि पुन्हा सगळं झाकून टाकते.

ती चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कामाला आहे. तिथं धुळीमुळं दिवसभर तोंडाला मास्क. मग हा थाट बघणार कोण? शेवटी मला राहवलं नाही.

"अहो, कुणाला दिसतच नाही, तर रोज लावता कशाला?"

तिनं माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "अवो ताई, लोकांसाठी लावायची असती तर एकच पुरली असती की!"

माझ्या कपाटात भाचीनं दिलेली लालभडक लिपस्टिक कधीची पडून होती. या वयात लोक काय म्हणतील, म्हणून. दुसऱ्या दिवशी ती लावली, वरून घट्ट स्कार्फ बांधला आणि निघाले. मान आपोआप ताठ झाली होती. वाटेत आडव्या आलेल्या रिक्षावाल्यालाही मी जरा जोरातच दटावलं.

थांब्यावर तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माझे फक्त डोळे दिसत होते.

"कोणता कलर हाय?" तिनं विचारलं.