साहेबांनी फोटो मागितले

आमचे हे फोटोवाले. तीस वर्षं एकच स्टुडिओ, एकच स्टूल आणि खुंटीला एकच काळा कोट. नोकरभरतीचा फॉर्म भरणारं प्रत्येक पोरगं तोच कोट घालून फोटो काढायचं. बारक्यांच्या पाठीत पिना लावायच्या, जाड्यांची बटणं उघडी. हे म्हणायचे, "मान वर कर, साहेब होणार आहेस तू!"

साहेब कसले होतायत, डोंबल! आमचा पोरगाही त्यातलाच. तीन वर्षांत चार फॉर्म. दोन परीक्षा पेपर फुटून रद्द, तिसरीचा निकाल कोर्टात, चौथीची तारीखच नाही. पुढारी मात्र छाती फुगवून सांगणार, आपला देश तरुणांचा आहे. अहो, मग त्या तरुणांनी करायचं काय? नाक्यावर बसून माशा मारायच्या?

शेवटी पोरांचं डोकं फिरलं. भरतीच्या ऑफिसवर दगड पडले, एक जीप जळली. आमचा त्या दिवशी तापाने फणफणला होता. त्याच्या कपाळावर मीच पट्ट्या ठेवत होते.

चार दिवसांनी साध्या कपड्यांतले दोन साहेब दुकानात आले. गोड आवाजात म्हणाले, "भरतीच्या पोरांचे फोटो हवेत, नाव-पत्त्यासकट." ह्यांना वाटलं, हललं एकदाचं सरकार! जेवण सोडून दोनशे चाळीस फोटो छापले, प्रत्येकामागे नाव, पत्ता, फोन. वर साहेबांना चहा पाजला. मी म्हटलं, "अहो, विचारा तरी कशाला हवेत." तर म्हणे, "तुझं आपलं काहीतरीच! चांगल्या कामात खोडा घालू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांनी पोरं उचलायला सुरुवात केली. पहिला आमचाच नेला. तीन वर्षं ज्यांचे अर्ज कुणी उघडून बघितले नाहीत, त्यांची घरं एका दिवसात सापडली मेल्यांना!

आम्ही दोघं चौकीत धावलो. मी डॉक्टरची चिठ्ठी टेबलावर आपटली. "ताप होता हो त्याला!"

"बाई, एवढी रिकामी पोरं म्हणजे देशाच्या सुरक्षेला धोका," साहेब म्हणाला. "चौकशी तर सगळ्यांचीच होणार."

"रिकामी ठेवली कुणी?" मी ओरडले. "आणि दोनशे चाळिसांत पहिला माझाच का?"

त्याने फोटोंचा गठ्ठा पुढे सरकवला. "आम्ही वरून सुरुवात केली."

सगळ्यात वर आमच्या पोराचा फोटो होता. त्याचा नंबर आधी लागावा म्हणून ह्यांनीच तो वर ठेवलेला. हे माझ्या शेजारीच उभे होते. मला त्यांच्याकडे बघवेना.