कानबाईच्या गाण्यातली घरघर

आमच्या जिजीचा आवाज असा होता, की तिनं ओसरीवर गाणं धरलं की चक्कीवर दळण घेऊन बसलेल्या बायका मला म्हणायच्या, बाई, जरा मोटार बंद कर. आणि मी करायची. जिजी म्हणजे माझी जाऊ, थोरली. पंचवीस-तीस वर्षं आम्ही एका चुलीवर स्वयंपाक केला, भांडलोही तितकंच. मागच्या दिवाळीनंतर तिला लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालते, आणि बोलणं गेलं. सगळं समजतं, पण तोंडातून फक्त 'हं' आणि 'अंहं' निघतं. त्या 'अंहं'मध्येसुद्धा तिचा जुना ताठा जशाचा तसा आहे, हे सांगायला पाहिजे.

ज्यांना आमच्याकडची कानबाई माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात घरोघर कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, डोळे, साडी, आणि भाऊबंद सगळे एका घरी जमून तिच्या प्रसादाचे रोट खातात. आमच्याकडे देवी बसली की एक लांब गाणं म्हणतात. देवी गावात फिरते, सोनाराकडे जाते, तो नथ देतो. माळ्याकडे जाते, तो फुलं देतो. कासार बांगड्या देतो. असं करत करत ती घरी येते. ते गाणं आमच्या भाऊबंदकीत पहिल्यापासून थोरल्या घरची बाईच धरते. बाकीच्यांनी मागून म्हणायचं. जिजीला तिच्या सासूनं, म्हणजे आमच्या दोघींच्या सासूनं शिकवलं. मी धाकटी, मी मागून म्हणणारी. मला चाल येते, पण कोणतं घर कोणत्यानंतर येतं ते विचाराल तर माझं आपलं सोनाराहून थेट कासार.

आता धरणार कोण? जिजीची सून. ती सुरतेला असते, मुलगा तिकडे साड्यांच्या कारखान्यात आहे. उन्हाळ्याच्या सुटीत पोरांना घेऊन आठवडाभर आली होती, सोमवारी आली, त्याच शनिवारी तिची गाडी. त्यानंतर ती येणार थेट कानबाईच्या आदल्या दिवशी. म्हणजे शिकायचं ते ह्या आठवड्यातच.

शिकवणारी तर मुकी. पण आमच्याकडे टेप होती. आमच्या मालकांनी, ते आता नाहीत, एकदा जिजीला समोर बसवून ते गाणं टेप करून ठेवलं होतं. बारीक आवाजात भरलंय, कारण टेपरेकॉर्डर लांब ठेवला होता. जिजी म्हणे जवळ नको, मला लाज वाटते. आता अशी बारीक टेप ऐकायची तर यंत्र चांगलं पाहिजे. माझ्या मुलानं नंदुरबारच्या एका मिस्त्रीकडून ॲम्प्लिफायर बनवून घेतलाय, दोन मोठे बॉक्स आहेत. मंगळवारी जुना टेपरेकॉर्डर त्याला जोडला, कॅसेट घातली, आवाज मोठा केला.

घरर्रर्र.

नुसती घरघर. त्याच्या खाली कुठेतरी जिजी गाते आहे एवढंच कळायचं, विहिरीच्या तळाशी कोणी बोलावं तसं. शब्द एक नाही. सून वही-पेन घेऊन बसलेली, तिनं वही मिटली. जिजीनं बॉक्सकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. घरात वीज, मोटार, पट्टा ह्या सगळ्याचा जबाब मीच द्यायचा असतो. शाळा मी चौथीपर्यंत शिकले, पण चक्की मी तीस वर्षं चालवली आहे. मोटारीचं वाइंडिंग कुठं जळलं ते मी वासावरून सांगते. कोणी शिकवलं नाही, वायरमन येईपर्यंत दळण थांबवून ठेवणं मला जमायचं नाही, म्हणून शिकले.

मुलगा म्हणाला टेप खराब झाली. मी म्हटलं, कॅसेट काढ. काढली. घरघर तशीच. मग टेपरेकॉर्डरची वायर काढली, तरी तशीच. म्हणजे कॅसेट निर्दोष, टेपरेकॉर्डर निर्दोष. पंखा बंद केला, दिवे बंद केले, थोडा फरक, पण कामाचा नाही. मग चक्की बंद करायला सांगितली. मुलगाच आता चक्की बघतो, बाहेर चार बायका डबे घेऊन उभ्या होत्या, त्यामुळे तो कुरकुरला, पण बंद केली. घरघर अर्धी झाली. गेली नाही. चक्की चालू केली, परत वाढली.

आता मिस्त्रीला फोन लावला. म्हातारा माणूस, तीन पिढ्या नंदुरबारात, घरात उर्दू बोलतो आणि आमच्याशी आमच्याहून फर्डी अहिराणी. मी त्याला म्हटलं, तुमचं मशीन घरघर करतंय. फोनवरच त्यानं सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "भाबी, मशीन मन्हं शे, घरघर तुमनी शे."

"मन्ही कशी?"

"मन्हा दुकानमा चार घंटा वाजाडीसन दिन्हं व्हतं. तुमना घरमा जाईसन घरघर करस, मंग घरले इचारा."

त्याचं बोलणं लागलं मला, पण खरं होतं. घराला विचारायचं म्हणजे काय ह्याचा मी विचार करत बसले, तेवढ्यात सुनेनंच उत्तर आणून दिलं. ती आतून पाण्याची बाटली घेऊन आली आणि हात झटकत म्हणाली, "काकू, तुमना फ्रीजले हात लावा की झिणझिण व्हस."

"कवयपासून?"

"मी उनू तवयपासून. माले वाटनं आठे असंच ऱ्हास."

असंच राहतं म्हणे. मी उठले. फ्रीजच्या कडीला बोटाची उलटी बाजू लावली, झिणझिण. ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला लावली, झिणझिण. मग चक्कीच्या लोखंडी टोपल्याला, ज्यात बायका धान्य ओततात त्याला लावली. तिथं जास्त. ह्या तिघांत सारखं काय? वायर वेगळ्या, बोर्ड वेगळे. सारखं एकच, अर्थिंग. मोटारीतून, फ्रीजमधून जो थोडा करंट अंगावर झिरपतो तो जमिनीत जायचा असतो. जमिनीत जात नसेल तर तो अर्थिंगच्या तारेत नुसता फिरत राहतो, आणि ती तार ॲम्प्लिफायरच्या पाठीतून आत जाते. मिस्त्रीचं म्हणणं बरोबर होतं, घरघर घराचीच होती.

मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "मंग सोपं शे ना आई. ॲम्प्लिफायरना प्लगनी मोठी पिन काढी टाकू, आवाज बंद व्हई जाई."

"आनि उद्या आतली तार पत्राले लागनी ते?"

"कोन हात लावस त्याले?"

"तुन्ही मोठी माय लावस. सकायपासून बॉक्सजोडे बठेल शे. तिले एक हात राह्यना शे, तोबी जावाले पाहिजे का तुले?"

जिजी 'हं' म्हणाली. त्याला कोणी रागावलं की तिला आवडतं. ती मोठी पिन म्हणजेच अर्थिंग, ती मी काढू दिली नाही. पिन काढून आवाज थांबवणारे खूप मिस्त्री आहेत आमच्याकडे, आणि तो आवाज खरंच थांबतो. पण चक्कीच्या टोपल्यावर बायका ओल्या हातांनी डबे टेकवतात, त्यांचं काय, हे कोणी विचारत नाही.

बुधवारी सकाळी मी माझा दिवा काढला. दिवा म्हणजे होल्डरमध्ये शंभरचा पिवळा बल्ब आणि त्याला दोन तारा. ह्या एवढ्यावर मी अख्खं घर तपासते. पायात रबरी चप्पल, एक हात पाठीमागे. फेज आणि न्यूट्रल, बल्ब लख्ख. फेज आणि अर्थिंग, बल्बमधली तार फक्त लाल झाली, निरांजनाची वात विझताना होते तेवढी. बस. अर्थिंग मेलेलं होतं.

का मेलं, हे मला त्याच क्षणी समजलं आणि माझी मलाच लाज वाटली.

चक्की आणली तेव्हा मालकांनी मागच्या अंगणात खड्डा खणून तांब्याची पाटी पुरली होती, मीठ-कोळसा घालून. आणि जागा मुद्दाम निवडली होती भांडी घासायची. जिजी रोज तिथं दोन घरांची भांडी राखेनं घासायची, बादल्यांनी पाणी ओतायची. तिची तक्रार, सगळ्या अंगणात मलाच हा चिखल का? मालक म्हणायचे, वहिनी, तुमच्या खरकट्या पाण्यावर चक्की चालते. तिला तो टोमणा वाटायचा. मला माहीत होतं की खरं आहे. आमची काळी माती, उन्हाळ्यात भेगा पडतात त्यात हात जातो, कोरडी झाली की करंट घेत नाही. पाणी तिला लागतंच.

आणि जिजीला लकवा मारल्यावर मीच मुलाला म्हटलं, अंगणात फरशी घाल, तिची काठी रुतते, पडेल कधीतरी. भांडी घरातल्या सिंकमध्ये आणली, पाण्याचा पाइप गटारीला सोडला. होळीच्या आधी फरशी झाली. जिजी त्या फरशीवरून एकटी न्हाणीपर्यंत जायला लागली, त्याचा मला इतका आनंद होता की खाली काय पुरलंय ते मी साफ विसरले. तीस वर्षं चक्की चालवणाऱ्या बाईनं विसरावं असं नव्हतं ते.

"फरशी फोडनी पडी," मी म्हटलं.

मुलगा कपाळाला हात लावून बसला. "नवी फरशी शे आई."

"एकच. मोजीसन."

"तुले जागा तरी आठवस का?"

जागा मला नक्की आठवत नव्हती, हे कबूल करते. भिंतीपासून चार हात की पाच, ह्यावर आम्ही दोघं वाद घालत होतो. जिजी काठी टेकत बाहेर आली. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ गेली, एका फरशीवर काठी आपटली, आणि 'हं'. ती आयुष्यभर तिथं उकिडवी बसली होती, तिला कोण चुकवणार.

फरशी काढली. खाली भेगा, आणि भेगांत कोरडी राख. तारेचा नट गंजलेला होता, तो घासून मुलानं नवा आवळला. मी दोन किलो खडे मीठ टाकलं आणि आम्ही बादल्या ओतायला लागलो. माती पाणी पीतच होती, थांबेना. दहा-बारा बादल्या झाल्या. दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा परत ओतलं. गुरुवारी सकाळी दिवा लावून बघितला, बल्ब चांगला पेटला, न्यूट्रलवर होतो जवळजवळ तेवढा. फ्रीजला बोट लावलं, काही नाही. खड्ड्यात एक पाइपाचा तुकडा उभा बसवला आणि बाजूनं सिमेंट केलं, रोज त्यातून एक बादली ओतायची. काठी रुतणार नाही आणि माती उपाशी राहणार नाही.

मग कॅसेट लावली. चक्की चालू ठेवूनच लावली, मुद्दाम. बॉक्समधून आधी टेपची बारीक सळसळ आली आणि मग जिजीचा आवाज. बाहेर दळणाला आलेल्या एका बाईनं दारातून डोकं आत घातलं, जिजीच्या बंद ओठांकडे बघितलं आणि तिथंच उभी राहिली. जिजी खाटेवर ताठ बसली होती, दुसऱ्या कोणाचं गाणं तपासायला बसावं तशी.

सून भराभर लिहीत होती. सोनार झाला, माळी झाला, शिंपी झाला, कासार सुरू झाला, आणि जिजी म्हणाली, "अंहं."

आम्ही टेप थांबवली. मागे नेली. परत कासार. परत "अंहं," ह्या वेळी रागानं.

"लिखाले चुकनू का?" सुनेनं वही दाखवली. तसं नव्हतं. जिजीनं डाव्या हाताची बोटं टेपरेकॉर्डरकडे केली आणि मग आपल्या छातीकडे. मला समजलं. टेपमध्येच चूक आहे, आणि ती हिनंच केली आहे. भरताना लाजली, गडबडली आणि एक घर सोडून पुढे गेली. इतकी वर्षं कोणाला कळलं नाही, कारण दर श्रावणात ती स्वतः म्हणायची तेव्हा बरोबरच म्हणायची. टेप कोण ऐकतं.

कोणतं घर? जिजीनं हात गोल गोल फिरवला.

"पुली," मी म्हटलं. तिनं डोळे वटारले.

"जातं?" मुलगा. "अंहं."

सून खाली वाकून तिचा हात बघत होती. हात गोल फिरायचा आणि मग अंगठा आत दाबून वर यायचा, हळूच, काहीतरी मोडेल अशा भीतीनं. "कुंभार," सून म्हणाली. "आई, कुंभार ना?"

"हं."

बाकी कडव्यांचा साचा एकच, घर बदलायचं आणि देणं बदलायचं. सुनेनं तिथल्या तिथं म्हणून बघितलं, कुंभारानं माठ दिला. अंहं. घट दिला. अंहं. रांजण, बोळकं. जिजीनं तळहात वाटीसारखा केला आणि त्याच्या कडेला बोटाचं टोक उभं धरलं. पणती. सुनेनं पणती घालून पूर्ण कडवं म्हटलं आणि जिजी मागे भिंतीला टेकली.

शुक्रवारी दिवसभर घरात दुसरं काही नव्हतं. सून पोळ्या लाटताना म्हणायची, पोरांच्या डोक्याला तेल लावताना म्हणायची, अडली की वहीत बघायची. संध्याकाळी जिजीनं तिला खाटेसमोर बसवलं. अर्धं म्हणून झालं असेल, जिजीनं डावा हात पुढे केला आणि वही मागितली. सुनेला वाटलं काही चुकलं. तिनं दिली. जिजीनं वही मांडीखाली सरकवली आणि हनुवटीनं खूण केली, पहिल्यापासून.

सून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, माले काय देखस, माले सोनारनं पुढे काहीच येत नही.

तिनं डोळे मिटले आणि धरलं. आवाज जिजीसारखा नाही तिचा, पातळ आहे. पण सोनारानंतर माळी आला, माळ्यानंतर शिंपी आला. मग ती थोडी थांबली, आणि कुंभाराच्या दाराशी नीट उभी राहिली. पणती घेतली, कासाराकडे गेली, आणि देवी घरी आली. मागून म्हणायच्या ओळी मी म्हटल्या.

वही जिजीनं शनिवारी गाडीची वेळ झाल्यावर परत दिली.