आडवा हात

गल्लीत त्यांना सगळे फिटरकाका म्हणत. गिरणीत यंत्रांचे पट्टे जोडण्यात त्यांची हयात गेली. बोलण्याच्या बाबतीत मात्र पहिल्यापासून कंजूष. बायकोचं कौतुक करायची वेळ आली की यांच्या तोंडाला कुलूप! पण रोज संध्याकाळी काकूंना घेऊन गावाबाहेर कालव्याच्या कडेने फिरायला जायचा नेम त्यांनी कधी मोडला नाही.

त्या वाटेवर साप निघायचे. पहिल्यांदा दिसला तेव्हा काकूंची पाचावर धारण बसली. काकांनी एक शब्द न बोलता डावा हात त्यांच्यापुढे आडवा धरला आणि साप गवतात दिसेनासा होईपर्यंत तसाच ठेवला. मग म्हणाले, "गेला. चल."

पुढे कितीतरी धामणी दिसल्या, एकदा तर चांगली जाडजूड घोणस. दरवेळी तो हात आडवा यायचाच. "साप निघाला की बरी माझी आठवण येते तुम्हाला," काकू चिडवायच्या. खरं सांगायचं तर त्या सापांची वाटच बघायच्या. सगळ्या संसारात लाड म्हणून काय ते एवढेच झाले होते.

मग काकांचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग शेजारी, मग पोटची लेक.

"आई, बाबांना आता बाहेर नेऊ नकोस गं," लेक म्हणाली. "उद्या काही झालं म्हणजे?"

"काही होत नाही. मला ओळखतात ते."

"कशावरून? तुला तर बाई म्हणतात!"

साप दिसला की हात आडवा येतो, हे काकूंनी लेकीला कोणत्या तोंडाने सांगायचं? पण येत होता. तेवढ्या एका हातावर त्या तग धरून होत्या.

त्या संध्याकाळी एक लांबलचक धामण वाटेत पसरली होती. खोटं कशाला बोला, काकूंना आनंदच झाला. त्या लगबगीने काकांच्या डाव्या अंगाला जाऊन उभ्या राहिल्या. हात आला नाही.

"पट्टा उतरलाय," काका म्हणाले. "मशीन बंद करा रे कुणीतरी!"

आणि ते सरळ धामण उचलायला वाकले. काकूंनी ओरडत त्यांचा दंड धरला, तर त्यांनी झिडकारलं. "सोडा हो बाई! काम अडलंय माझं." धामणीने हाताला कडकडून चावा घेतला आणि सळसळत निघून गेली. रक्त बघून काका लहान मुलासारखे रडायला लागले.

धामणीला विष नसतं. डॉक्टरांनी जखम धुतली, इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. थोडक्यात निभावलं, असं जो तो म्हणाला. काकूंच्या मनात आलं, यांचं निभावलं असेल, माझं काय? दुसऱ्या दिवशी दाराला आतून कुलूप लागलं, आणि ते त्यांनी स्वतःच्याच हाताने लावलं.

तेव्हापासून संध्याकाळ झाली की काका चपला घालून दाराशी उभे राहायचे, कडी हलवायचे. काकूंचा जीव तुटायचा. एके दिवशी त्यांना राहवेना. न्हाणीघरातली काळी रबरी नळी आणून त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात वेडीवाकडी पसरली, काकांना धरून आणलं आणि त्यांच्या डाव्या अंगाला उभ्या राहिल्या. हे वेड्यासारखं आहे, हे त्यांना कळत होतं.

"अहो, बघा ना," त्या म्हणाल्या. "साप."

काकांनी नळीकडे पाहिलं. खाली बसून तिची छान गुंडाळी केली आणि अदबीने काकूंच्या हातात दिली.

"बाई, ही अशी वाटेत टाकत जाऊ नका," ते म्हणाले. "माझी बायको सापाला फार घाबरते."

आणि पुन्हा दाराशी जाऊन तिची वाट बघत उभे राहिले.