हातात दिलेली इंग्रजी

आदरणीय ताराबाई ढोके यांनी पहिल्या भेटीत मला माझे नावसुद्धा विचारले नाही. आमच्या वस्तीतल्या विहाराच्या मागच्या खोलीत त्यांचा संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग भरत असे, आजही भरतो. कामावरून सुटलेले लोक डबा हातात घेऊनच तिथे येतात. मी नववीत इंग्रजीत नापास होऊन शाळा सोडली होती आणि हिंगण्याच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो होतो. आत जावे की परत फिरावे, या विचारात दाराशी उभा असताना बाईंनी चहाचा वाफाळता पेला माझ्या हातात ठेवला. "हॉट," त्या म्हणाल्या. मी पेला या हातातून त्या हातात करू लागलो. मग त्यांनी माठातल्या पाण्याचा पेला दुसऱ्या हातात दिला. "कोल्ड. आता बस." मी बसलो.

हीच बाईंची शिकवण्याची रीत. वस्तू आधी हातात, शब्द तिच्यामागून, आणि वही सर्वांत शेवटी. त्यांचा आणखी एक नियम होता. आज शिकलेला शब्द घरी नेऊन कोणाला तरी द्यायचा आणि त्या माणसाने त्याचे काय केले, ते दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायचे. त्याशिवाय पुढचा शब्द मिळत नसे.

माझी इथे पंचाईत झाली. मला लांबलचक शब्द पाठ होते, एक अक्षर इकडचे तिकडे होत नसे, पण ते वापरायचे कुठे ते ठाऊक नव्हते. पहिल्याच दिवशी मी आपल्या मनाने 'नेसेसरी' हा शब्द आईसाठी घरी नेला. आई चुलीपुढे होती.

"हे घेऊन मी करू काय गा?" आईने विचारले. "भाजीत टाकू?"

हे मी वर्गात खाली मान घालून सांगितले. बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "तुही माय बरोबर बोलली गा. जे तिच्या कामाचं नाही, ते तिच्यासाठी काहून नेतं? मीठ ने." मी 'सॉल्ट' नेला. तो आईला आवडला. पुढे 'वेट', म्हणजे थांब, नेला, तो तर इतका आवडला की मी ताट ओढले की आई उलथने दाखवून मलाच 'वेट' म्हणू लागली.

अशात कारखान्यात परदेशातून नवे यंत्र आले. ते लावून देणारे साहेब फक्त इंग्रजी बोलत. ज्या हेल्परला त्यांचे बोलणे समजेल त्याला यंत्रावर घेऊन कायम करू आणि बाकीच्यांचे मग पाहू, असे फोरमनने सांगितले. आमच्या घरात माझीच एक मिळकत होती. मला धडकी भरली. वर्ग सोडून मी घरी मोठमोठे शब्द घोकत बसलो.

तिसऱ्या संध्याकाळी बाई स्वतः आमच्या घरी आल्या.

"काहून येऊन नाही राहिला गा तू?"

"पाठ करून राहिलो, बाई. मशीनवाले साहेब इंग्रजीत चाचणी घेणार हाय."

आईने मध्येच तक्रार केली, "बाई, हा धड जेवत नाही. भिंतीसंग बोलून राहिला."

"मंग? भिंत काही म्हणते काय?" बाई खाली बसल्या. "साहेब तुले पेपर देणार नाही. मशीनपाशी उभं करणार. भेव कशाचं हाय तुले?"

"समजलं नाही तर?"

"तर म्हणायचं, से अगेन, स्लोली."

"तसं म्हटलं का त्याईले कळते ना, का याले येत नाही!"

"कळू दे. तो इतक्या दुरून आला, त्याले येते काय तुही भाषा? त्याले नाही लाज, तुले काहून?" मग आईकडे वळून त्या म्हणाल्या, "माय, तुम्ही साहेब व्हा."

आईने पदर खोचला, कमरेवर हात ठेवले आणि ठाऊक असलेले सगळे शब्द एका दमात माझ्या अंगावर सोडले. "से अगेन," मी म्हणालो. "स्लोली." बाईंनी ते माझ्याकडून इतक्या वेळा म्हणवून घेतले की शेवटी आईच दमली.

चाचणीच्या दिवशी माझ्या आधीच्या सोबत्याने न समजता "यस सर" म्हणून बटण दाबले आणि यंत्र कर्कश ओरडून बंद पडले. मग माझी पाळी आली. "पुश", "होल्ड" इथपर्यंत माझे हात बरोबर चालले. त्यानंतर साहेब भराभर एक लांब वाक्य बोलले. त्यातले मला काहीही कळले नाही. फोरमन माझ्याकडे रोखून पाहत होता. बटणाकडे निघालेला हात मी मागे घेतला.

"से अगेन, सर. स्लोली."

साहेब थांबले. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "वेट. रेड लाइट. देन पुश." मी थांबलो. लाल दिवा लागला. मी बटण दाबले आणि यंत्र चालू झाले.

साहेब फोरमनशी काही बोलले. फोरमनने ते मला सांगितले, "साहेब म्हणून राहिले, हा विचारते. विचारणाऱ्याच्या हातून मशीन मोडत नाही. उद्यापासून इथंच उभा राह."

मी बाईंकडे पेढे घेऊन गेलो. त्यांनी स्वतः अर्धा घेतला, बाकीचे वर्गात वाटायला लावले आणि सर्वांसमोर एवढेच म्हणाल्या, "याच्या हातानं झालं, माह्या नाही." यशाचे श्रेय त्यांनी कोणाच्याही बाबतीत घेतलेले मला आठवत नाही. धंतोलीच्या दवाखान्यांत आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रात त्यांचे विद्यार्थी आज आत्मविश्वासाने काम करतात. त्यांतले कित्येक हेच सांगतील.

आता त्या यंत्रावर नवे हेल्पर माझ्या हाताखाली येतात. न समजता मान डोलावणारा मुलगा मला लगेच ओळखू येतो. मी त्याचा हात बटणावरून बाजूला करतो आणि सांगतो, आधी विचार. त्यांना ताराबाई ठाऊक नाहीत. त्यांना हे कोणाकडून मिळाले ते कळावे, म्हणून हा लेख.

बाईंना साठ वर्षे पूर्ण झाली. अजूनही या वस्तीत भीतीपोटी 'हो' म्हणणारी माणसे पुष्कळ आहेत, आणि ती आहेत तोवर बाई आम्हांला हव्या आहेत. त्यांचे गुडघे, त्यांची नजर आणि तो खणखणीत आवाज त्यांना दीर्घकाळ साथ देवोत, आणि 'मला समजले नाही' असे निर्भयपणे सांगणारी माणसे त्यांच्या खोलीतून वर्षानुवर्षे बाहेर पडत राहोत.