पात्रपरिचयाचं पान

भरती चढू लागली की खाडीच्या चिखलाला एक वास सुटतो. कुजक्या पानांचा, ओल्या मिठाचा, आणि त्याखाली लोखंडासारखा थंड असा काहीसा. रोह्यात कुंडलिकेच्या काठी राहून माझे केस पांढरे झाले, पण अमावास्येच्या सुमारास दुपारी वारा फिरला आणि तो वास खिडकीतून आत आला, की अजूनही माझ्या तळहातांना घाम फुटतो. मी खिडकी लावून घेतो. वास थांबतो, भीती खोलीतच राहते.

परवा असाच वारा होता आणि टेबलावर माझ्या कादंबरीच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं पडली होती. तरुणपणी कंपनीतल्या शिफ्टा सांभाळून लिहिलेली ती युद्धकथा: समुद्रातून चालून येणारी लवणसेना, तिला अडवणारा मातीचा तट आणि तटामागचं हिरवं राज्य. पात्रं इतकी झाली, की वाचक हरवू नये म्हणून आरंभी पात्रपरिचयाचं पान घालावं लागलं. या वेळी प्रकाशकांनी त्या पानावर चित्रं काढून घेतली आहेत. सेनापती रणधवल, वैद्या मंजुळा, आणि सर्वांत खाली तमाल: ‘पश्चिमद्वाराचा रक्षक, फितूर.’ चित्रकार आमच्या खाडीकडे कधी फिरकलाही नसेल, पण मजकुरात होतं ते त्याने इमानाने रेखाटलं होतं. डाव्या मनगटाला बांधलेली निळी चिंधी. तिच्याकडे पाहताना वाटलं, आता हा कागदावरचा माणूस मान वर करील आणि माझं नाव घेईल.

ती चिंधी धर्माची. वडखळच्या पलीकडे, खाडीला लागून असलेल्या माझ्या गावातला धर्मा, माझा बालमित्र. आमची भातशेती भरतीच्या पाण्याहून खाली. ती जगते बांधाच्या आणि बांधातल्या उघाडीच्या जिवावर. उघाडी म्हणजे पाण्याचं दार. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीच्या आधी दोन बाजूंनी दोघांनी धरून फळ्या खाचेत उतरवायच्या. एकट्याने फळी उतरत नाही, तिरकी होऊन अडकते. आणि बांधाला खांड पडली, भगदाड पडलं, तर घरटी एकाने फावडं घेऊन धावायचं, हा गावाचा जुना नेम. माझी सगळी सेना त्या धावपळीतून आली. छातीएवढ्या पाण्यात उभे राहून आरोळ्या देणारे पाटीलकाका रणधवल झाले. फावडी लागलेल्या पायांना पाला बांधणारी मंजुळाआत्या नाव न बदलता वैद्या झाली. पुस्तक आलं तेव्हा गावाने त्या पानावर मोठ्या कौतुकाने आपापला माणूस शोधला. चिंधीवरून धर्माही सापडला.

तोवर गाव एवढंच म्हणे, की खारं पाणी शेतात शिरलं त्या दिवशी धर्माच्या हातून फळी निसटली, नशीब. पुस्तकानंतर अपघाताची फितुरी झाली. गणपतीत पोरांनी तमाल शत्रूला दार उघडतो तो प्रवेश बसवला, आणि मग उघाडीवर वाकलेल्या त्याच्या पाठीवर हाका येऊ लागल्या, “ए तमाल, दार उघड!” मी ते ऐकलं होतं. ऐकून गप्प राहिलो.

खरं असं आहे. पिठोरी अमावास्येच्या त्या भर दुपारी उघाडीवर आम्ही दोघे होतो. धर्माचा जोडीदार तापाने पडला होता. त्याच्या जागी मी उभा राहिलो, हे आम्हा दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. आकाश राखेच्या रंगाचं, आणि पाणी आवाज न करता चढत होतं. मोठं उधाण मांजराच्या पावलांनी येतं. शेवटची फळी आमच्या हातांत होती. पायाखालचा बांध थरथरला, आणि मी माझं टोक सोडून पळालो. मागून एकदाच आवाज आला, “सदा, धर!” तो आवाज मी कादंबरीतल्या कोणत्याही पात्राला दिला नाही. खारं पाणी हिरव्या भातावर पसरलं, जमिनी कित्येक हंगाम पांढऱ्या पडून राहिल्या. पुढे लिहिताना तट कोसळायला कारण हवं होतं, आणि भित्र्याला कारण म्हणून नेहमी दुसरा माणूस सापडतो.

काल अमावास्या होती. ते पान पिशवीत घालून मी गावी गेलो. धर्मा पडवीत कोयत्याला धार लावत बसला होता. मनगटावर चिंधी होतीच, रंग तेवढा उडालेला.

“गो, च्या टाक. सदा आलाय.”

“कंचा सदा? बुकवाला?” वहिनी आतून म्हणाली. “साखर घालू का मीठ?”

धर्मा हसला. मी हसू शकलो नाही. पान त्याच्यापुढे ठेवलं, ‘फितूर’ हा शब्द काढतो आहे म्हणालो, आणि त्या दुपारचं सगळं सांगू लागलो. त्याने मला मध्येच थांबवलं.

“तू पळालास ते मला ठावं हाय रं. मी बी पळालो असतो, पन माझं टोक खाचंत अडकलं व्हतं, हात त्याच्याखाली.” मग त्याचं बोट सावकाश त्या पानावरून वरून खाली फिरलं. “यात तू कंचा?”

मी पाहिलं. शत्रूच्या घोड्यांनाही मी नावं दिली होती. मी कुठेच नव्हतो.

त्याने कोयता बाजूला ठेवला. “पानी चढलं. थोरला पोरगा शिफ्टला गेलाय. चल, फळी धरायची हाय.”

बांधावर तोच वास होता. मी फळीचं माझं टोक धरलं. धर्माने या वेळी “धर” म्हटलं नाही. पाण्याच्या पलीकडून फक्त माझ्या हातांकडे पाहत राहिला. फळ्या एकेक करून खाचेत उतरल्या.

पान आज परत पाठवायचं आहे. ‘फितूर’ खोडून झालं. तमालच्या खाली एक नवी ओळ लिहिली आहे: ‘सदा, पश्चिमद्वाराचा दुसरा रक्षक, पळाला.’ पुढे ‘परत आला’ असं लिहावं, असं फार वाटतं. हात धजत नाही. काल शेवटची फळी उतरेपर्यंत माझी एक नजर घराच्या वाटेवर होती.