पोटाने झेललेला चेंडू

सिरिल हेशनचा बेसबॉलचा हातमोजा बावन्न वर्षांचा झाला होता आणि एवढ्या आयुष्यात त्याच्यात एकदाही चेंडू पडला नव्हता. चामडं मात्र लोण्यासारखं मऊ होतं. सिरिल दर वसंतात त्याला तेल लावायचा, रात्री पट्ट्याने बांधून ठेवायचा, आणि सामन्याला जाताना असा काखेत मारायचा की जणू आज संघाला त्याच्यावाचून चालणारच नाही.

चाळीस वर्षं त्याने ॲरिझोनात लिफ्ट दुरुस्त केल्या. पण ऑगस्ट अर्ध्यावर आला की त्याचा जीव मिनेसोटाकडे ओढ घ्यायचा. मग तो जन्मगावी, सेंट वेंडलिनला, आपल्या थोरल्या बहिणीकडे, मार्सेलाकडे येऊन पडायचा, गावच्या संघाचे शेवटचे सामने बघायचा, आणि सप्टेंबर लागला की परत जायचा. बायको डोलोरेस सोबत येत नसे. "तिथले डास मला लग्नाआधीपासून ओळखतात," म्हणायची.

त्या डोलोरेसच्या मालकीचा एक चेंडू त्यांच्या बैठकीच्या खोलीत फळीवर होता. मोठ्या मैदानांत फटका चुकून चेंडू प्रेक्षकांत आला की ज्याने झेलला त्याचा, अशी रीत. सिरिल जन्मभर त्याची वाट बघत होता. एकदा आला, तेव्हा तो मोहरीच्या चटणीची बाटली उचलायला वाकला होता. दुसऱ्यांदा आला, तेव्हा त्याने डोळे मिटले. तिसऱ्यांदा शेजारी बसलेली डोलोरेस रुमाल शोधायला पर्स उघडत होती आणि चेंडू थेट पर्समध्ये पडला. तिने त्यावर पेनाने नाव आणि तारीख घातली. तेव्हापासून एकतीस वर्षं, दर शनिवारी, त्या चेंडूवरची धूळ सिरिल पुसत होता.

सेंट वेंडलिनला मात्र रीत वेगळी. इथे बाहेर आलेला चेंडू परत करायचा. मार्सेला खाद्यपदार्थांच्या खिडकीत बसायची, शेजारी आइस्क्रीमची रिकामी बादली. चेंडू बादलीत टाका, रंगीत बर्फाची एक कांडी घ्या. लहानपणी सिरिलने गवतातून वेचून शेकड्याने चेंडू परत केले होते आणि संध्याकाळभर निळी जीभ घेऊन हिंडला होता. त्याचं त्याला काही वाटलं नव्हतं. वेचलेला चेंडू आणि झेललेला चेंडू यांतला फरक त्या वयात कळत नाही.

त्या रविवारी दुपारी सामना मेयर्स लेक या गावाशी होता. हरेल त्याचा हंगाम संपणार. सिरिल मोज्यासकट पत्र्याच्या छपराखालच्या बाकावर येऊन बसला. शेजारी लिओ टर्वी होता. मैदानाच्या कुंपणापलीकडचा मका या लिओचा. ऑगस्टमध्ये तो मका दोन पुरुष उंच होतो, आणि त्यात गेलेला चेंडू कापणीपर्यंत बहुधा दिसत नाही.

"यंदा तरी झेलणार का?" लिओने विचारलं.

"हात शिवशिवतोय."

"गेल्या वर्षी पण शिवशिवत होता. मग तो संधिवात निघाला."

सातव्या डावात सिरिलला भूक लागली. त्याने मोजा काढून बाकावर ठेवला आणि सॉसेज घातलेला पाव दोन्ही हातांनी धरला. नेमक्या त्या क्षणी पत्र्यावर धाडकन आवाज झाला. चेंडू छपरावरून गडगडत आला, काठाशी थबकला, आणि पिकल्या फळासारखा खाली सुटला. सिरिल दचकून उभा राहिला. चेंडू त्याच्या पोटावर आदळला, तो कळवळून पुढे वाकला, हात आपोआप पोटाशी गेले, आणि पाव, आंबवलेला कोबी, चेंडू, सगळं एकत्र त्याच्या मिठीत आलं. चाळीस वर्षं बिअर पाजून पोसलेलं पोट एकदाचं कामी आलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वरच्या खोपटात ध्वनिक्षेपकावर गावचा न्हावी डेलबर्ट बसलेला असे. तो गंभीर आवाजात म्हणाला, "झेल, सिरिल हेशन. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी पदार्पण."

सिरिलने वाकून प्रेक्षकांना मुजरा केला. मग बसला, कोबी झटकला, धावा टिपायचं पेन काढलं आणि चेंडूवर लिहिलं, "सिरिल हेशन, २४ ऑगस्ट". फुंकर मारून शाई वाळवली आणि चेंडू पँटच्या खिशात घातला.

खिडकीतून मार्सेलाने बादलीवर चमचा वाजवला. चेंडू आणा, याची ती खूण. सिरिल आकाशातले ढग बघू लागला.

"टाकून ये ना," लिओ म्हणाला.

"टाकतो. हा डाव संपू दे."

तो डाव संपला. आठवाही संपला. चमचा दोनदा वाजला. खिसा असा फुगला होता की सिरिलला एका कुशीवर बसावं लागत होतं. असा बसणारा माणूस एक तर चोर असतो, नाही तर मूळव्याधीचा रोगी. लोकांना दुसरं वाटलं तर वाटू दे, असं त्याने ठरवलं. मनाशी तो मोठी भाषणं करत होता. साठ वर्षं तिकिटं काढली. या मैदानाच्या दिव्यांसाठी वर्गणी दिली. एक चेंडू. एकच. भाषणं झकास होती, फक्त ऐकणाऱ्याच्या खिशात तो चेंडू होता, त्यामुळे टाळी पडत नव्हती.

नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात दोन्ही बाजूंच्या तीन-तीन धावा होत्या. मेयर्स लेकचा फलंदाज एकामागून एक चेंडू तिरपे मक्यात धाडत होता. तिसरा गेला तेव्हा पंचाने कमरेची पिशवी चाचपली आणि रिकामे हात दाखवले.

डेलबर्ट म्हणाला, "मंडळी, आपल्याकडचे बारा चेंडू संपले. मक्यात जायची हौस असेल त्यांनी जावं. कुणाच्या गाडीखाली, कोटाखाली गेला असेल तर बघा. कुणाच्या खिशात असायचं कारण नाही, पण खिसेही बघा."

पाच-सहा जण कुंपण ओलांडून मक्यात घुसले. "माझी कणसं मोडतील ही गाढवं," म्हणत लिओही गेला. पंच घड्याळ बघत उभा राहिला. मग मेयर्स लेकचा व्यवस्थापक हसतमुखाने आपल्या सामानाची पिशवी उघडू लागला. सेंट वेंडलिनच्या बाकांवर एकदम शांतता पसरली. सामना हरलेला गावाला चालला असता. मेयर्स लेकचा उसना चेंडू नाही.

मार्सेला खिडकी सोडून बाहेर आली. सामना चालू असताना ती खिडकी सोडते, हे कुणी पाहिलं नव्हतं. एका हातात बादली, दुसऱ्यात बर्फाची कांडी. ती सिरिलपुढे येऊन उभी राहिली.

"लाल घे. निळ्या संपल्या."

"मार्सेला, साठ वर्षं मी..."

"ठाऊक आहे."

"डोलोरेसकडे आहे एक."

"तिने घेतला तिथे चेंडू पोत्याने असतात. आपल्याकडे बारा होते, सिरिल." तिने मैदानाकडे मान वळवली. "तो बघ, गाठ सोडतोय पिशवीची."

सिरिलने खिशात हात घातला. चेंडू उबदार झाला होता. बादलीत टाकताना त्याने तो सावकाश सोडला, तळाशी आवाज होऊ नये म्हणून. आवाज झालाच. सगळ्या गावाने ऐकला.

पंचाने चेंडू हातात घेतला, फिरवला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "सिरिल हेशन, चोवीस ऑगस्ट. हे कोण?"

"सिरिल, उभा राहा," ध्वनिक्षेपकावरून डेलबर्ट म्हणाला.

सिरिल उभा राहिला. तोंडात लाल कांडी होती. कुणी हुर्यो उडवली नाही. त्यापेक्षा वाईट, सगळे मनापासून हसले. पंचाने चिमूटभर माती घेऊन अक्षरांवर घासली, ती बरीचशी पुसली, आणि चेंडू फेकणाऱ्याकडे दिला.

पुढच्याच चेंडूला फलंदाजाने असा फटका मारला की आवाजावरूनच सगळ्यांना कळलं. चेंडू उंच गेला, कुंपणावरून गेला, मक्यात शिरलेल्या माणसांच्या डोक्यावरून गेला आणि पार आत, हिरव्यात, नाहीसा झाला. मेयर्स लेक एका धावेने पुढे गेलं. आणि त्याच घडीला मक्यातून लिओ टर्वी बाहेर आला. दोन्ही हात वर, प्रत्येकात एकेक चेंडू.

"सापडले," तो म्हणाला. "किती वाट बघायची होती, दोन मिनिटं?"

उरलेला खेळ त्याच दोन चेंडूंनी झाला. सेंट वेंडलिनचे तिघे भराभर बाद झाले आणि गावाचा हंगाम संपला.

लोक घडीच्या खुर्च्या मिटत होते. जाणारा प्रत्येक जण सिरिलच्या खांद्यावर थाप मारून जात होता. "ठेवून घ्यायचा होतास की," एक म्हणाला. "खिशात होता तोवर आपण हरत नव्हतो," दुसरा म्हणाला. डेलबर्ट खोपटातून उतरून आला आणि म्हणाला, "बुधवारी ये दुकानात. केस फुकट कापतो. या गावासाठी कुणी एवढं केलं नाही, आणि कुणी एवढं बिघडवलंही नाही."

सिरिल हसला. मोजा काखेत मारून तो कुंपणाशी गेला आणि मक्याकडे बघत राहिला.

लिओ मागून आला. "आत जाऊ नकोस. पार शेजारच्या राज्यात, साऊथ डकोटात निघशील."

"तो नेमका कुठे पडला, पाहिलंस?"

"माझ्या डोक्यावरून गेला. मी खाली बसलो होतो." लिओने एक कणीस चाचपलं. "कापणीला मिळतील. मागच्या वर्षी अकरा मिळाले. पण तुझं विमान तर पुढच्या सोमवारी ना?"

सिरिल घराकडे चालू लागला. संध्याकाळी स्वयंपाकघरात मार्सेला उकडलेल्या कणसांवर लोणी फिरवत होती. त्याने डोलोरेसला फोन लावला आणि सगळं सांगितलं. कोबीसुद्धा वगळला नाही.

पलीकडे डोलोरेसने आधी टीव्ही बंद केला.

"म्हणजे झेललास तू," ती म्हणाली.

"झेलला."

"मोज्यात?"

"मोजा बाकावर होता."

"मग कशाने?"

"पोटाने."

डोलोरेस इतकी हसली की तिला फोन बाजूला ठेवावा लागला. सिरिलने तिला हसू दिलं. त्याला तो हक्क तिचा वाटला.

"कापणी कधी आहे?" परत आल्यावर तिने विचारलं.

"ऑक्टोबरच्या मध्याला."

"तुझा जाड स्वेटर इथे आहे. पाठवते. मोजाही थोडा कामाला लाव, निदान थंडीत हात तरी ऊब धरतील." मग म्हणाली, "फळीवर माझा चेंडू थोडा डावीकडे सरकवते. आणि सिरिल, सापडला तर बादलीत टाकू नकोस."

फोनमधलं बोलणं मार्सेलालाही ऐकू गेलं होतं. तिने मान वर न करता एक कणीस त्याच्या ताटात ठेवलं. "हंगाम संपल्यावर ठेवलेला चालतो," ती म्हणाली. "पण शाई चांगली वापर."