भिंतवाली

“सरका मावशी, भिंतवाली आली.”

शहाळेवाला हे हळूच म्हणाला, मला ऐकू येऊ नये अशा बेतानं. पण दुपारी नव्या पेठेतली निम्मी दुकानं अर्धं शटर ओढून घेतात आणि मग आवाज उगाच लांबपर्यंत जातो. मी कॅमेऱ्यातून बघत असल्याचं दाखवलं. लेन्सवरचं झाकण अजून काढलेलं नव्हतं.

मावशी उठल्या. हातमशीन छातीशी धरलेलं, त्यावर गिऱ्हाइकाची उघडी बॅग, दातांत दाभण. तशाच जिन्याखालून निघून रस्त्याच्या कडेला, उन्हात जाऊन उभ्या राहिल्या. बॅगेची चेन बसवून घ्यायला आलेला कॉलेजचा मुलगाही त्यांच्यामागून गेला.

“आता काय झालं?” त्यानं विचारलं.

“काय न्हाय,” शहाळेवाला म्हणाला. “फोटो काडतीय ती.”

“कशाचा?”

“भिंतीचा.”

“भिंतीचा?”

“मग काय तुजा काडू दे?” शहाळेवाला म्हणाला. “भिंत हालत तरी न्हाय.”

मी झाकण काढलं, फोटो काढले, मान खाली घालून निघून आले. मावशींना मी कधीच सरका म्हटलं नव्हतं. म्हणायचं धाडसच झालं नसतं. सुरुवातीला मी समोरच्या फुटपाथवर नुसती उभी राहायचे, त्या चहा प्यायला किंवा पाणी आणायला उठतील म्हणून वाट बघत. एक दिवस त्यांच्या लक्षात आलं की ही मुलगी आपल्या उठण्याची वाट बघते. तेव्हापासून मी दिसले की त्या आपणहून उठायच्या.

ती बिल्डिंग फार जुनी नव्हती आणि देखणी तर कुणीच म्हटलं नसतं. खाली दुकानं, वर वकिलांची आणि विम्याची ऑफिसं. पण तिचा कोपरा गोल होता, वरच्या मजल्यांना सिमेंटची जाळी होती, आणि एका बाजूनं उघडा जिना वर चढत गेला होता. त्या जिन्याच्या पहिल्या वळणाखाली जी तिरकी जागा उरते, तिथं मावशी बसायच्या. चेनचे रनर बदलायचे, दप्तरांचे पट्टे शिवायचे, छत्रीच्या काड्या बसवायच्या. आधी त्यांचे यजमान बसायचे. त्यांचे डोळे अधू झाल्यावर त्या बसू लागल्या.

सोलापूरच्या उन्हाला सगळे शिव्या देतात. मला ते फोटोसाठी लागतं. आमच्याकडचं दुपारचं ऊन भिंतीवर पडतं तेव्हा मधलं काही ठेवत नाही. पांढरं ते पांढरं, काळं ते काळं. जाळीची सावली भिंतीवर उतरते, जिन्याची कड तिला कापत जाते, आणि थोडा वेळ ती बिल्डिंग बिल्डिंग राहत नाही. नुसते आकार उरतात. मला तेवढंच हवं असायचं. आभाळ नको, वायर नको, पाटी नको, कुठल्याही लिपीतलं एकही अक्षर नको. आणि माणूस नको.

याला मराठीत अमूर्त म्हणतात, हे मी वाचून शिकले. तोंडानं तो शब्द कधी उच्चारलेला नाही. मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठी बोलताना माझ्याकडून एखादा शब्द पुस्तकातला पडतो आणि समोरचा गालात हसतो, म्हणून मी कमी बोलते. इंग्रजीतही कमीच बोलते, पण तिथं हे कारण सांगता येत नाही. घरातून एका पुण्याच्या कंपनीचं काम करते, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवते. आई म्हणते, एवढा महागाचा कॅमेरा घेतलास आणि घरातल्या एका माणसाचा फोटो नाही त्यात. खरं आहे. माणसाकडे कॅमेरा धरला की ते माझ्याकडे बघतं.

एकदा मावशींनी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो बघायला मागितला होता.

“हे काय हाय?”

“सावली.”

“आन् हे पांढरं?”

“भिंत.”

“मग बिल्डिंग कुटं गेली?” त्या इतक्या हसल्या की शहाळेवालाही बघायला आला. मग त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “लई ग्वाड हाय पर. साडीच्या काठागत.”

या बिल्डिंगचे फोटो मी इंटरनेटवर टाकायचे. नाव नाही, गाव नाही. कुणीतरी परदेशातून लिहिलं होतं, भर शहरात तुम्हाला इतकी शांतता कशी सापडते? ते वाक्य मी पुष्कळदा वाचलं. तेव्हा मला ते खरं वाटायचं. शांतता सापडत नव्हती. मावशी मशीन धरून उन्हात उभ्या असायच्या.

मग बिल्डिंग विकली गेली. पाडून नवी होणार, एवढं सगळ्यांना कळलं. वरची ऑफिसं हलली. खाली एका रिकाम्या दुकानात नव्या मालकाचा मॅनेजर काचेचं टेबल टाकून बसला. तो पोरसवदाच होता, बोलायला बरा. त्यानं सांगितलं की भिंतीकडेला वर्षानुवर्षं बसणारे जे जुने लोक आहेत, त्यांना काम होईपर्यंत मागच्या गल्लीत आणि नंतर नव्या बिल्डिंगच्या पार्किंगलगत बसायला जागा मिळेल. हे कळल्यावर आठवडाभरात जुने लोक दुप्पट झाले. कधी न पाहिलेली माणसं येऊन, मी इथं लहानपणापासून बसतो, असं सांगू लागली. मग मॅनेजर स्वतः फिरून कोण कुठं बसतं ते बघून गेला.

तो आला तेव्हा मावशी वळसंगला होत्या. लेकीचं बाळंतपण होतं. परत आल्या तर जिन्याखाली टेबल-खुर्च्यांचा ढीग आणि मॅनेजरच्या तोंडी एकच वाक्य, “तोंडी कुणाचं धरत नाही आता, जुना फोटो आणा मावशी. त्यात तुम्ही दिसल्या पाहिजेत आणि ही बिल्डिंग दिसली पाहिजे. शहाळेवाल्यांचा आहे बघा.”

शहाळेवाल्याचे पुष्कळ होते. तो एका हातानं शहाळं उडवून दुसऱ्या हातातल्या कोयत्यावर झेलायचा, आणि पोरं त्याचे व्हिडिओ करायची. त्यांत बिल्डिंगचं तोंड यायचं, जिन्याची बाजू नाही. मावशींचे घरी फोटो होते. लेकीच्या लग्नातले, सिद्धेश्वराच्या तळ्यावरचे, नातवाच्या बारशाचे. सगळ्यांत चांगली साडी, अंग चोरून उभ्या. कामाला बसलेल्या बाईचा फोटो कोण काढतं?

त्या दिवशी पहिल्यांदा त्या रस्ता ओलांडून माझ्याकडे आल्या.

“पोरी, तुज्याकडं आसंल की. येवढे काडलेस.”

मला काय उत्तर आहे ते त्याच क्षणी माहीत होतं. तरी मी म्हणाले, “बघते.”

“मी म्हनलंच त्याला. पोरगी हाय की म्हनलं, हितंच काडती रोज.”

घरी येऊन मी सगळं उघडलं. मला माहीत होतं ते फोटोही सांगत होते. जाळी, कड, सावली, पुन्हा जाळी. एकाच कोपऱ्याचे उन्हाळ्यातले, हिवाळ्यातले, पाऊस येऊन गेल्यावरचे. प्रत्येक फोटोत खालचा उजवा भाग स्वच्छ. मी तो स्वच्छ राहावा म्हणून किती वाट बघायचे ते मला आठवत होतं. मोबाइलमध्ये शोधलं, काढून टाकलेल्या फोटोंत शोधलं. एका फोटोत, मी नंतर कापून टाकायचे त्या कडेला, एक हात सापडला. कोपरापासून पुढचा, मशीनचं चाक धरलेला, हिरव्या बांगड्यांचा. त्या उठत असताना माझ्याकडून आधीच बटण दाबलं गेलं असणार.

तो मोठा करून छापून आणला आणि मावशींबरोबर मॅनेजरकडे गेले. मी बोलणार नाही हे गृहीत धरून मावशीच बोलल्या.

“ह्यो बगा, माजा हात.”

मॅनेजरनं फोटो उजेडाकडे धरला. “मावशी, हात कुणाचाही असू शकतो.”

“कुनाचा आसंल? ह्या बांगड्या बगा की,” आणि त्यांनी हात पुढे केला. बांगड्या आता लाल होत्या. त्यांच्या ते लक्षात आलं. “तवा हिरव्या हुत्या,” त्या म्हणाल्या.

“मॅडम, तुम्ही इथं नेहमी फोटो काढता ना? मग बाकीच्या फोटोत या का नाहीत?”

तो माझ्याकडे बघत होता. मी काचेच्या टेबलाकडे बघत होते.

“मीच सरकायची,” मावशी म्हणाल्या. “फोटोत आपलं काय काम? फोटो चांगला येतोय तिचा, म्हनून सरकायची.”

“तसं नाही हो मावशी, मला वर दाखवावं लागतं. तुमचं घेतलं की उद्या दहा जण हाताचे फोटो आणतील.” त्यानं फोटो टेबलावर ठेवला, पण नजर त्यावरून काढली नाही. “पण हा भारी आहे, मॅडम. ही सावली वगैरे. खरंच आपलीच बिल्डिंग आहे? तुमचे असे दोन-चार द्या ना, नव्या लॉबीत मोठे करून लावू. जुन्या बिल्डिंगची आठवण म्हणून. साहेबांना असलं आवडतं.”

“दे की,” मावशी लगेच म्हणाल्या. “तेवडंच तुजं नाव हुईल.”

मी टेबलावरचा फोटो उचलून पिशवीत ठेवला. बाहेर आल्यावर मावशी माझी समजूत काढू लागल्या. “त्याची चूक न्हाय. पूर्न फोटो पायजे. तू बग आजून घरी, गडबडीत राहिला आसंल एकादा.”

“बघते,” मी म्हणाले.

मग बिल्डिंगभोवती पत्रे ठोकले गेले. त्यानंतर त्या पत्र्यांच्या गेटपाशी, छपराशिवाय, मशीन घेऊन बसू लागल्या. डोक्यावर छत्री बांधली तर वॉचमन काढायला लावायचा. मी चार दिवस त्या रस्त्यानं गेले नाही. आमच्या घरापासून मेडिकलच्या दुकानात जायला दुसरी वाट आहे, लांबची. त्या वाटेनं जात राहिले. पाचव्या दिवशी शहाळेवाला मला त्या लांबच्या वाटेवर भेटला. हातगाडी ढकलत निघाला होता.

“मॅडम, हिकडं कुटं? तिकडं मावशी वाट बघतीय तुमची.” तो गाडी थांबवून म्हणाला, “एष्टी स्टँडजवळ झेरॉक्सवाला हाय, माज्या वळकीचा. पायरीवर जागा देतो म्हनलाय तिला. आज सांजपातुर काय ते बोला म्हनलाय, न्हायतर चप्पलवाला हाय तयार. मावशी ऐकंना. म्हनती, पोरगी फोटो देनार हाय, मी हितनं कशाला हलू? तुमी तरी सांगा की तिला काय ते.”

“जागा चांगली आहे का?”

माझा प्रश्न ऐकून त्याला आश्चर्य वाटलं. मी त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होते. “चांगली कुटली?” तो म्हणाला. “दिवसभर ऊन. शेजारी आजून एक चेनवाला बसतोय, त्याचं बस्तान हाय. पर पायरी तरी हाय. तिकडं गेटपाशी काय हाय?”

मी गेले. मावशी गेटपाशी एका शाळेच्या दप्तराला पट्टा शिवत होत्या. माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा उजळला आणि सवयीनं त्या उठू लागल्या. मी कॅमेरा आणला नव्हता. मी हात हलवून बसा म्हटलं आणि त्यांच्यासमोर उकिडवी बसले. मागे जाळीचा एक तुकडा मजुरांनी उतरवला होता, तिथून पलीकडचं आभाळ दिसत होतं.

“सापडला का गं?”

नेहमीचं उत्तर तोंडाशी आलं होतं. ते द्यायला सोपं होतं. त्यांना बरं वाटलं असतं, मलाही उठून जाता आलं असतं आणि संध्याकाळपर्यंत ती पायरी चप्पलवाल्याला गेली असती. मावशींनी दाभण पट्ट्यात अर्धवट खोचून ठेवली होती आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

“मावशी,” मी म्हणाले, “थांबू नका. झेरॉक्सवाल्याची जागा आजच घ्या. मी सगळे फोटो बघितले, परत परत बघितले. तुम्ही एकाही फोटोत नाही.”